विसाराचा रुपया

१० जून २००२, कळमनुरी
अखेर नोकरी लागली! बी.ए. होऊन चार वर्षं हट्ट्याजवळच्या आमच्या तांड्यावर मी बसून भाकरी मोडत होतो. आता अमृतरावांच्या नाणे संग्रहालयाची सगळी देखरेख माझ्याकडे. बा स्वतः सोडायला आला. माझा बा बाबूसिंग बैलांचा जुना व्यापारी, बाजारात त्याच्या शब्दाला वजन आहे. निघताना त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. असं त्यानं लहानपणीही केलं नव्हतं. मला भरून आलं.

१२ जून
काम मजेचं आहे. काचा पुसायच्या, नाण्यांखालच्या चिठ्ठ्या नीट लावायच्या. निजामाचे हाली रुपये आहेत, भोकाचे पैसे आहेत, कमळाचं पितळी वीस पैशाचं नाणंही आहे. शाळेची पोरं भोकात बोट घालायला मागतात. अमृतराव पंचाहत्तरीचे, बोलायला गोड. दुपारचं जेवण त्यांच्याच पंक्तीला. बिनलग्नाच्या माणसाला आणखी काय हवं?

१७ जून
शेवटच्या कपाटात विसाराचे रुपये आहेत. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून ठरतो, मग घेणारा विकणाऱ्याच्या हातावर एक रुपया ठेवतो. तो विसार. घेतला की जनावर घेणाऱ्याचं झालं. मोडायचं तर रुपया घेणाऱ्याच्या हातात माघारी द्यावा लागतो. चिठ्ठ्या वाचल्या. ग्यानोबा, १९६४. रुख्मिणीबाई, १९७८. प्रेमदास, १९९१. विकणाऱ्यांची नावं असतील, मी म्हटलं. अमृतराव हसले. पोरगं हुशार हाय, म्हणाले.

२३ जून
आज मागच्या अंगणात पहिल्यांदा गेलो. ओळीनं खुंटे ठोकलेले. जनावर एक नाही, शेणाचा पो नाही. पण प्रत्येक खुंट्याभोवती जमीन गोल झिजलेली आणि त्यात माणसांची अनवाणी पावलं. ताजी. टोकाचा एक खुंटा नवा. अमृतरावांना विचारलं तर म्हणाले, येळ आली की सांगतो. 

२५ जून
घरी जायला निघालो. स्टँडवर एसटी समोर उभी, आणि माझे पाय माघारी वळले. मी वळवले नाहीत. भाजीवाल्या जिवनबाई आमच्याच तांड्याच्या. त्यांनी हाक मारली, तरी थांबता आलं नाही. थेट नव्या खुंट्यापाशी येऊन उभा राहिलो.

२६ जून
कपाटात नवी चिठ्ठी. देविदास, २००२. माझं नाव. वर रुपया नाही.
अमृतरावांनी काही लपवलं नाही. रुपया तुझ्या बापाकडे आहे म्हणाले, सौदा पुरा झाला की इथं चिठ्ठीवर येईल. इथल्याच बाजारात, रुमालाखाली. माझ्या बानं मला विकलं! बैलाला कुणी विचारत नाही, पण मला तर विचारता आलं असतं.
काय चुकलं माझं?
खिडकीतून जिवनबाईंकडे निरोप दिला. बाला म्हणावं, रुपया घेऊन ये. माघारी दे.

२९ जून
बोटं वळत नाहीत. कडब्याचा वास गोड लागतो — कधीपासून? शेजारच्या खुंट्याला प्रेमदास आहे. दिसत नाही. चावणं ऐकू येतं —
बा येईल. रागात केलं असेल त्यानं, पण येईल.

३० जून
बा आला! रुपया मुठीत. मी रडलो —

अमृतरावांनी हात पुढं केला. बानं रुपया त्यांच्या हातात दिला नाही. म्हणाला, चाळीस वर्सांत बाबूसिंगनं सौदा मोडला न्हाई, पोरासाठी काहून मोडू? रुपया माझ्या चिठ्ठीवर ठेवला. स्वतःच्या हातानं.

आता माझ्याजवळ आलाय. बैल सोपवताना मालक त्याचं जुनं दावं सोडून घरी नेतो. बा माझ्या गळ्यातला ताईत सोडतोय, याडीनं, माझ्या आईनं बांधलेला — डोळ्यांकडं बघत नाही — बा, मी तुझा —