पाळण्यामागची अक्षरं

८ फेब्रुवारी, रविवार

मशीन आली! भिशी लागली होती, तिची साडी घेणार होते. नाही घेतली.

संगमेश्वर — आमचे हे — खोकं जिन्यावरून वर आणून म्हणाले, "शिलाई मशीन हाय का?" म्हटलं, अक्षरं कापायची मशीन आहे. मोबाइलवर नाव टाइप करायचं, कागद चिकटवायचा, आतलं पातं आपोआप फिरतं. "मग तू काय करणार?" म्हणाले. मी तोंडं बघणार. लातूरच्या एकेकीचं तोंड बघणार.

का ते लिहूनच ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

गेल्या महिन्यात लातूरला वीरभद्रच्या बायकोचं, शिवकांताचं, डोहाळजेवण झालं. एकुलता एक धाकटा भाऊ माझा, त्याचं पहिलंच. मी इथून नांदेडहून अक्षरं घेऊन गेले. जाड कागदाची, हातानं, ब्लेडनं कापलेली. बोटाला चिरा पडल्या होत्या. भिंतीला लावून झाली आणि शिवकांता म्हणाली, "ताई, शाळेच्या गॅदरिंगची आठवण आली बघा." सगळ्या हसल्या. मग तिच्या आईनं ती काढायला लावली आणि डेकोरेशनवाल्याची चकचकीत लावली. माझी अक्षरं चपलांच्या बाजूला पडली होती.

तेही गिळलं. ओटी भरायला उठले तर तिची आई म्हणते, "तुम्ही मागून या. आधी लेकुरवाळ्यांना येऊ द्या." सगळ्यांच्या देखत! आमच्याकडे पाळणा हलला नाही हे काय मला माहीत नाही? शिवकांता मान खाली घालून बांगड्या फिरवत बसली.

आणि तिसरं. जेवताना नावांचा विषय निघाला. मी म्हटलं, मुलगी झाली तर आमच्या गेलेल्या आईचं नाव ठेवू — नीलम्मा. शिवकांता काय म्हणाली? "असलं नाव आता म्हशीला बी कुणी ठेवत न्हाई ताई." पुन्हा हशा. वीरभद्रसुद्धा हसला. ज्या आईनं उदगीरच्या त्या दोन खोल्यांत याला अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्या नावाला हसला.

पण बाळाचं नाव ठेवणं हा आत्याचा मान आहे. आत्या एकच आहे. बघते.

१० फेब्रुवारी

पहिलं अक्षर फाटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याला पातं एवढं खोल गेलं की खालची चिकट मॅटसुद्धा कापली गेली. पातं किती खोल जाऊ द्यायचं ते कागदाच्या जाडीवर असतं म्हणे. आधी कोपऱ्यात एक लहानसा चौकोन कापून बघायचा. हे आधी सांगायला काय होतं!

१४ फेब्रुवारी

आज "शिवकांता" कापलं. सरावासाठी.

नाव नीट टाइप केलं होतं, पण प्रत्येक अक्षर वेगळं सुटून आलं. जिथं एकाची वरची रेघ दुसऱ्याच्या रेघेवर चढते तिथं पातं दोन्हीकडून फिरतं, आणि सगळ्या नावाचे तुकडे. अख्खी शिवकांता चिंध्या होऊन मॅटवर पडली. मला एवढं बरं वाटलं की चहा करून घेतला.

१५ फेब्रुवारी

सापडलं. अक्षरं आधी एकमेकांना थोडी चिकटवून घ्यायची, मग सगळं नाव निवडून एकजीव करायचं बटण दाबायचं. आता वरची रेघ एकसलग येते.

सोनेरी कागदावर "टवळी" कापलं. काय सुंदर आलं! वेलांटी तर अशी वळली की बस्स. कपाटाच्या आतून चिकटवलंय. हे म्हणाले, "कोणासाठी करून राहिलीस हे?" म्हटलं, आहे एक गिऱ्हाईक.

२२ फेब्रुवारी

कागद मॅटवरून ओढून काढला की अक्षर वेटोळं होतं. कागद ओढायचाच नाही. मॅट पालथी घालायची, अक्षर टेबलावर दाबून धरायचं आणि मॅट हळूहळू वाकवून त्याच्यापासून सोडवायची. अक्षर सपाट राहतं. हे मला कुणी शिकवलं नाही, फुकट गेलेल्या कागदांनी शिकवलं.

खालच्या मजल्यावरच्या मनिषाच्या मुलाचा, प्रेमचा, वाढदिवस होता. त्याचं नाव निळ्या कागदात करून दिलं. डेकोरेशनला नरसिंग म्हणून एकजण आला होता. नांदेडपासून लातूरपर्यंत हॉल सजवतो. माझ्या अक्षरांवरून बोट फिरवून म्हणाला, "ताई, ही कुठून आणली? मला लई लागतात." मी सांगितलं, वरच्या मजल्यावरून.

६ मार्च

मुलगी झाली. वीरभद्रचा फोन. रडत होता, हसत होता.

मीही रडले. हे लिहायचं नव्हतं.

१५ मार्च

शिवकांताचा मेसेज. "बारसं पाच एप्रिलला, औसा रोडच्या हॉलवर. कानात नाव माझी बहीण सांगणार आहे. आजकाल मावशीनं सांगितलं तरी चालतं. तुम्ही या मात्र."

या मात्र!

पाहुण्यांसारखी जाऊन घुगऱ्या खाऊन येऊ? वीरभद्रला फोन लावला. "अक्का, तिच्या मनासारखं होऊ दे की आता. ओली बाळंतीण हाय." बरं. होऊ दे. त्या बारशाच्या घुगऱ्या मला नकोत. जाणार नाही.

२४ मार्च

देव आहे!

नरसिंग ऑर्डर घेऊन आला. आता आठवड्याला त्याचं काही ना काही असतंच. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, लातूरचं बारसं हाय. पाच एप्रिल, औसा रोड. गुलाबी अन् सोनेरी. पाळण्याच्या मागं नाव लावायचं, त्याच्यावर पडदा. कानात सांगून झालं की पडदा ओढायचा. म्हणून नाव बाहेर फुटू देऊ नका." मी विचारलं, नाव काय? "शनाया."

शनाया. म्हणजे हे ठरलंय.

नरसिंगला काही ठाऊक नाही. मी कुणाची कोण हे त्यानं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याला पाणी दिलं, लाडू दिला.

२५ मार्च

नाव घरच्या ग्रुपवर टाकून देऊ का? सगळ्यांना आधीच कळलं की पडद्याची मजाच गेली. पण छे. ती दोन दिवस रडेल आणि दुसरं नाव शोधेल. एवढ्यासाठी का मी मशीन घेतली?

२७ मार्च

ठरलं. तिनं मला नाव ठेवू दिलं नाही ना? मग नाव मीच ठेवणार. नांदेडला बसून ठेवणार.

बहीण कानात सांगेल "शनाया." पडदा सरकेल आणि सगळ्या लातूरसमोर भिंतीवर काय असेल — नीलम्मा! व्हिडिओ चालू असतील. तिच्या आईचं तोंड मला इथं बसून दिसतंय. म्हशीचं नाव काय, घ्या मग.

नरसिंगची ऑर्डर जाईल. जाऊ दे. लावणारी माणसं घाईत असतात, हॉलवर कोण ताळा करत बसतंय.

२९ मार्च

आज कापलं. आजवरचं सगळ्यात चांगलं काम. गुलाबीवर सोनेरी, दोन थर. "म्मा" जरा अवघड गेला, दोनदा केला. मॅट पालथी घातली, हळूहळू सोडवली, आणि टेबलावर आई आली. नीलम्मा.

मला राग धरून ठेवावा लागला. पुन्हा एकदा ओटीची आठवण काढली, चपलांजवळच्या अक्षरांची काढली. मग जमलं.

३० मार्च

पाकीट नरसिंगकडे गेलं. वर टेप लावून.

१ एप्रिल

शिवकांताचा फोन. मेसेज नाही, फोन.

"वर्षाताई, कानात तुम्हीच सांगा." मला वाटलं एप्रिल फूल करते की काय. म्हटलं, तुझी बहीण आहे ना? "तिला जमत न्हाई म्हणते..." मग म्हणाली, "न्हाई, खोटं कशाला बोलू. मीच नको म्हटलं तिला. डोहाळ्याला आई तुम्हाला बोलली आन् मी गप बसले. तवापासून डोक्यातून जाईना. तुम्ही या. आत्या तुम्ही हाव."

मी "बरं" म्हटलं.

आता काय करू! एवढी चूल पेटवली आणि हिनं येऊन तांब्याभर पाणी ओतलं. माफी मागायची होती तर जानेवारीत मागायची, फेब्रुवारीत मागायची. पाकीट गेल्यावर मागते!

२ एप्रिल

नरसिंगला दोनदा फोन लावला, उचलायच्या आत दोनदा कापला. काय सांगू? मी मुद्दाम केलं?

"शनाया" कापून घेतलं. तेवढंच, त्याच कागदात. पर्समध्ये ठेवलंय, पुठ्ठ्यात घालून. लवकर जाईन, कुणी नसताना पडद्यामागं जाऊन बदलून टाकीन. ह्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "विष्णुपुरीला आमच्या कॉलेजात पोरं परीक्षेला असंच करतात. आधी चुकीचं लिहितात, मग पुरवणी मागतात."

४ एप्रिल

पहाटेच्या गाडीनं निघायचं. हिरवी साडी काढून ठेवली. बाळाला चांदीचे वाळे.

५ एप्रिल

लातूरला आहे. वीरभद्रच्या घरी, माडीवर. खाली अजून भांडी वाजतायत. आत्ताच लिहिते, उद्या लिहिलं तर मी ते गोड करून लिहीन.

गाडी अहमदपूरला बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. हॉलवर पोचले तर पाळणा सजलेला, पडदा टाकलेला, समोर बायकांची दाटी. पर्समधला पुठ्ठा पर्समध्येच राहिला. पडद्यामागं जायला रस्ताच नव्हता.

म्हटलं, असो. कानात शनाया सांगायचं. भिंतीवर दुसरं निघालं तर नरसिंगच्या माणसांवर ढकलायचं. आत्याचा मान मिळाला, आईचं नाव दुसरीकडे कुठंतरी ठेवू.

शिवकांता वाळली आहे. डोळ्यांखाली काळं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं. मऊ, गरम, नाक थेट वीरभद्रचं. देताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय सांगायचं ते ठाऊक हाय ना, ताई?" मी मान डोलवली. मनात म्हटलं, ठाऊक आहे बाई, तुझी शनाया.

तेवढ्यात तिची आई. "नाव सांगा आन् लगेच पाळण्यात ठेवा बाळाला. जास्ती वेळ मांडीवर नको तुमच्या."

तुमच्या!

डोक्यात ठिणगी पडली. मी वाकले. बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हटलं, नीलम्मा. नीलम्मा. नीलम्मा. मग सरळ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नीलम्मा वीरभद्र!"

पडदा ओढला गेला. भिंतीवर तेच.

टाळ्या! जणू सगळं ठरवून केलं होतं. वीरभद्र भिंतीकडे बघत उभा राहिला आणि मग उपरण्यानं डोळे पुसायला लागला. शिवकांताच्या आईचं तोंड — मी नांदेडला बसून बघितलं होतं तसंच. अगदी तसंच.

मग रीतीप्रमाणे बायका माझ्यावर तुटून पडल्या. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे! हसत हसत सगळ्यांनी घातले. शिवकांताचा सगळ्यात जोरात. बाळंतिणीत एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. सूड पुरा झाला होता, तोंड कशाला बघायचं?

घुगऱ्या दोनदा घेतल्या.

उद्या ती भांडायला येईल. येऊ दे. मी तयार आहे.

६ एप्रिल

नांदेडला परत. भांडण झालं नाही. निघताना तिनं डब्यात शेंगांची चटणी भरून दिली. आतल्या गाठीची आहे.

७ एप्रिल

नरसिंग पुढची ऑर्डर घेऊन आला. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, लातूरला नाव चुकीचं गेलं, माझ्या हातून झालं.

"चुकीचं कसं? पाकीट उघडलं तवाच मला बी वेगळं दिसलं. एकतीस तारखेला फोटो पाठवला की मी लातूरच्या मॅडमला. त्यांनी इचारलं, अक्षरं कोण कापतं? म्हटलं, नांदेडच्या वर्षाताई. मग म्हणाल्या, हेच नाव हाय. हेच लावा."

एकतीसला. मला तिचा फोन आला एक तारखेला.

पाठ अजून ठणकते.