खुर्चीवाली रेकॉर्ड

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटेल, सासूबाईंचा फोन बिघडलेला दिसतोय. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर आपण दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतो, 'बाकी काय?' म्हणतो आणि त्या 'बाकी'पाशी आलो की दोघांचीही दातखीळ बसते. ते बाकीचं आज लिहून टाकावं म्हणून मशीनवर झाकण घातलंय, कापायच्या टेबलावरचे खडू आणि कात्र्या एका कडेला सारल्यात आणि बसलेय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. माझी शिलाई सरळ असते, अक्षराची खात्री मी कधीच दिलेली नाही.

तुझा पोहण्याचा तलाव दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाला असं कळलं. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग या वेळीही तुलाच दिलाय म्हणे. बरोबर केलं त्यांनी. घाबरलेल्या माणसाला घाई न करणारा मास्तर लागतो. इकडे आमचं बरं चाललंय. यांनी बस चालवणं सोडून इतकी वर्षं झाली, तरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की हे बसल्या जागी उजव्या पायानं ब्रेक दाबतात. गुडघा दुखतो तो त्यामुळेच, असं माझं मत. डॉक्टरांचं वेगळं आहे. मला एका सभागृहाच्या पडद्यांचं मोठं काम मिळालंय. गडद जांभळं, ओल्या गादीसारखं जड कापड. मशीनखालून एक पट्टा सरकवला की हात भरून येतात. मग थोडा वेळ थांबते, आणि थांबले की आपली खुर्चीवाली रेकॉर्ड लावते.

तिचं खरं नाव मी अजूनही नीट वाचलेलं नाही. तू सांगितलं होतंस, पण माझ्या तोंडी 'खुर्चीवाली'च बसलंय. ती माझ्याकडे कशी आली ते तुला अर्धंच माहीत आहे. तुम्ही दोघं वेगळे झालात, तेव्हा टेंपोवाल्यानं लेकीच्या सामानाबरोबर तुझं एक खोकंही आमच्या दारात उतरवलं. लेक म्हणाली, "त्याच्या रेकॉर्डी आहेत, भंगारात दे." आता मी चिंधीसुद्धा टाकत नाही, उशीत भरायला ठेवते, अख्खं खोकं कुठली टाकतेय! शिवाय माळ्यावर यांचा जुना प्लेअर होता. एका दुपारी काढला, पुसला आणि वरची रेकॉर्ड लावली. ती निघाली, ज्याची ही खुर्चीवाली आहे त्या गिटारवाल्याच्या गाजलेल्या बँडची. पहिल्याच दणक्याला हे आतून पळत आले आणि म्हणाले, "कपाट पडलं का?" मी कानाला खडा लावला. पण खोकं बंद करताना खालची एक दिसली. तिच्या कव्हरवर ना माणसं, ना आगीचे लोळ. नुसती एक लाकडी खुर्ची आणि तिच्यावर खोळ न घातलेली उशी. मी पडले शिवणारी बाई. माझ्या मनात आलं, हिला कुणी खोळ कशी नाही शिवली? तेवढ्यासाठी लावली बघ.

आणि मास्तर, मी हातातलं काम खाली ठेवलं. ज्या माणसानं कपाट पाडलं होतं, तोच हा, हे मला खरं वाटेना. इथे ढोल नाही, आरडाओरडा नाही. एक माणूस आपल्या खोलीत बसून गिटार वाजवतोय, इतकंच. खोली लहान असावी, हे आवाजावरून कळतं; जाड पडदे नसावेत, तेही कळतं. पहिल्या तुकड्यात तो एकच ओळ फिरवून फिरवून वाजवतो, आणि दर वेळी शेवटचा सूर जरा उशिरा सोडतो, जसं कुणी दाराशी निरोप घेताना आणखी काहीतरी बोलायचं राहिलंय म्हणून घुटमळावं. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या तुकड्यात त्याचं बोट चुकतं. चक्क चुकतं. मी शिकाऊ असताना असा टाका पडला असता तर अख्खी शिवण उसवावी लागली असती. त्यानं नाही उसवली. क्षणभर थांबतो आणि त्या चुकलेल्या सुरावरूनच पुढे जातो; आणि पुढे जे वाजवतो ते इतकं सुंदर आहे की ती चूक नसती तर तो तिथे पोचलाच नसता, असं वाटतं. शेवटी एकच गाणं तो गातो. गळा काही खास नाही. पण बायको झोपलीय आणि तिला जाग येऊ नये, अशा बेतानं म्हटलेलं गाणं आहे ते. शब्द मला कळले नाहीत, बेत कळला.

तू खोकं न्यायला आलास, ती दुपार मला चांगली आठवते. तू उंबऱ्यातच उभा होतास. आत यावं की नाही, मला काय हाक मारावी, सगळीच पंचाईत. माझीही तीच. जावई होतास तोवर मी तुझ्याशी 'अहो-जाहो' करायची, ताट वाढताना पदर सावरायची, आणि आता नातं उरलं नाही तर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अरे, पाय पूस आणि आत ये." नातं होतं तेव्हा 'अहो', सुटलं तेव्हा 'अरे'. लोकांचं उलट होतं. मी म्हटलं, "खोकं घेऊन जा, पण खुर्चीवाली एकदा ऐकून जा." तुझा चेहरा असा झाला, की जणू मी तुझ्या खिशातलं काहीतरी न विचारता बाहेर काढलंय. "तुम्ही ती ऐकलीत?" एवढंच विचारलंस आणि खाली फरशीवर, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून बसलास.

तुझ्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत मिळून तू माझ्याशी बोलला नसशील, तेवढं त्या दुपारी बोललास. बँड फुटल्यावर गायकाचं कसं नाव झालं आणि हा गिटारवाला कसा मागे पडला. ही रेकॉर्ड आली तेव्हा त्याचे जुने चाहतेच कसे चिडले, त्याच्या कार्यक्रमात उभे राहून जुनी दणक्याची गाणी मागत राहिले. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं होतं, की हा माणूस घर आवरता आवरता गुणगुणतोय. त्यावर मी म्हटलं, "मग? घर आवरताना माणूस खोटं गुणगुणत नाही." तू माझ्याकडे बघत राहिलास आणि मग हसलास. तुला हसताना मी त्याआधी फक्त लग्नाच्या फोटोत बघितलं होतं, आणि तिथे तुला फोटोवाल्यानं सांगितलं होतं. म्हणालास, "मला वाटायचं, ही रेकॉर्ड आवडणारा मी एकटाच आहे." मी म्हटलं, "आता दोन झालो. बँडसुद्धा काढता येईल."

खोकं त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. तू दर शनिवारी दुपारी यायला लागलास. मी मशीनवर, तू खाली बसून माझी उसवायची कामं करायचास. हात हलका आहे तुझा, कापड दुखवत नाहीस. हे पहिल्या दिवशी कुरकुरले, दुसऱ्या वेळी दारात येऊन उभे राहिले, तिसऱ्या वेळी खुर्ची घेऊन आले आणि पहिल्या बाजूच्या मध्यावर घोरायला लागले. सासू-जावयाचं मेतकूट जमल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण ते घटस्फोटानंतर जमलेलं मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही.

एकदा तू सांगितलंस, दिवसभर त्या तलावावर शिट्ट्या, पोरांच्या किंकाळ्या, छतावर आपटून परत येणारे आवाज. घरी आल्यावर कानांना फक्त ही एक रेकॉर्ड सोसते. मी मान डोलावली आणि शिवत राहिले, पण आत काहीतरी लख्ख झालं. कारण माझी लेक रुग्णवाहिकेचे फोन घेते. दिवसभर तिच्याही कानात लोकांचा आकांत. ती घरी यायची तेव्हा तिला ते सगळं बोलून मोकळं व्हायचं असायचं, आणि तुला सगळं शांत व्हायला हवं असायचं. दोघंही कान भरून घरी येत होतात. एकाला ते ओतायचं होतं, दुसऱ्याला निवळू द्यायचं होतं. मी इतके दिवस तुम्हा दोघांत चूक कुणाची ते शोधत होते, लेकीची आई म्हणून जरा तुझ्याकडे जास्तच शोधत होते. त्या शनिवारपासून शोधायचं थांबवलं.

मग तो दिवस आला. लेक न कळवता आली, आणि बघते तर तू आमच्या फरशीवर मांडी घालून तिच्या आईच्या घरातले टाके उसवतोयस, वर प्लेअर चालू. तू उठलास, "निघतोच होतो," म्हणालास, आणि चपला नीट न घालताच गेलास. मागे ती माझ्यावर फुटली. "आई, तू नक्की कुणाच्या बाजूची?" मी म्हटलं, "दुसऱ्या बाजूची. पहिली मला जरा लांबलेली वाटते." विनोद फसला. ती रडली. म्हणाली, "मी त्या घरातून बाहेर पडले, आणि तू त्याला माझ्या घरात बसवलंस."   तिचं माहेर म्हणजे तिला टेकायची जागा; तिथे येऊन तिला दचकावं लागलं, हे वाईटच झालं.

त्यानंतर तू आला नाहीस. फोनवर म्हणालास, शनिवारी जादा वर्ग असतात. असतील. मी विचारलं नाही. हे मात्र दर शनिवारी जेवण झालं की विचारतात, "तो पोहणारा येत नाही का हल्ली? मला दुपारची झोप लागेना झालीय." आणि मी एकटीच रेकॉर्ड लावते. ऐकते सगळं, पण त्या चुकलेल्या सुरापाशी मान वर होते आणि समोर बघायला कुणी नसतं. एकट्यानं ऐकण्यात कमी काही नाही, बरं का. पण एकदा सोबतीनं ऐकायची सवय लागली की माणूस बिघडतो.

आता जे सांगायला बसले ते सांगते. लेक पुन्हा लग्न करतेय, पुढच्या महिन्यात, चार माणसांत, सह्या करून. तुला हे बाहेरून कळू नये, माझ्याकडून कळावं असं मला वाटत होतं. माणूस भला आहे, अखंड बोलतो. दोघं एका वेळी बोलतात आणि दोघांनाही सगळं ऐकू येतं, देव जाणे कसं. काल ती लग्नाचा पोशाख घालून बघायला आली. मी तिला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि खालची दुमड घालायला बसले. रेकॉर्ड आधीपासून चालू होती, बंद करायला हात मोकळा नव्हता. टाचण्या लावत असताना हलता येत नाही, म्हणून तिनं उरलेली अख्खी बाजू उभ्यानं ऐकली. ती संपल्यावर वरून हळूच विचारलं, "तो येतो का गं अजून?" माझ्या तोंडात टाचण्या, मी नुसती 'नाही' म्हणून मान हलवली.  मग म्हणाली, "त्याला बोलाव, आई. माझं त्याच्याशी जमलं नाही, ते माझं झालं. तुझं जमलंय ते कशाला मोडतेस?" टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर मी काहीतरी बोलून घोळ घातला असता. तिच्या पायाशी बसून मी पुढची टाचणी लावली, ती वाकडी गेली, आणि तशीच राहू दिली. तर मास्तर, पुढच्या महिन्यात माझ्या घरात नवा जावई येईल आणि मी त्याचं मनापासून करीन. पण या शनिवारी तू ये. येताना प्लेअरची सुई घेऊन ये, जुनी घासलीय आणि कुठली लागते ते मला कळत नाही. हे जेवण झाल्यावर खुर्ची घेऊन बसतील.

तुझीच, तू येशील म्हणून नव्हे, नाही आलास तरीही,
सासूबाई