मासा लागो न लागो

प्रिय बाबांना,

तुमच्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. थोडा खोकला आहे, पण दवाखान्याच्या धुलाईखान्यातच कामाला असल्यावर औषधाला काय तोटा! तुमचा गुडघा कसा आहे? खरं ते लिहा.

कामावरून मी नदीकाठाने परत येते. एवढ्या कडाक्याच्या थंडीतही पाच-सहा माणसं गळ टाकून बसलेली असतात. तुम्ही मासा पळवणाऱ्या बगळ्यामागे चप्पल घेऊन धावायचात, आठवतं? इथे उलटाच कारभार. गळ टाकण्याआधी डब्यातली मूठभर गांडुळं पाखरांना! एक म्हातारे शिंपी तर गांडुळं गारठू नयेत म्हणून डबा कोटाच्या आत छातीशी धरून आणतात. मग एवढंसं पाखरू त्यांच्या बुटावर बसून हक्काने मागतं. माझा तर पायच निघत नाही तिथून.

थंडीत मासा काही लागत नाही. शिंपीकाका महिनाभर हात हलवत घरी जातायत. काल मी न राहवून विचारलं, "मग रोज येता कशाला?"

पाखरांकडे बघत म्हणाले, "अगं, ही वाट बघत असतात ना."

बाबा, तुम्ही एकाही पत्रात 'कधी येतेस' असं विचारलं नाहीत. रजेचा अर्ज दोन महिने माझ्या पिशवीत पडून होता. आज सकाळी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला, मगच कामाला हात लावला.

मी येईपर्यंत बगळ्यामागे धावू नका. गुडघ्यासाठीही, आणि बगळ्यासाठीही.

तुमचीच,
धाकटी