सिंहाला कधी बरं पडेल

प्रिय ताई,

चार वर्षं तू विचारत होतीस, कधी येऊ. आणि चार वर्षं मी तुला येऊ दिलं नाही. एवढं एक वाक्य लिहायला सकाळपासून तीन कागद फाडले. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस. नववीतून पळालेल्याचं शुद्धलेखन तपासायचं नसतं, समजून घ्यायचं असतं.

पहिल्या वर्षी तुझा फोन आला तेव्हाचं सगळं आठवतंय. तू म्हणालीस, "भिंगरी, आम्ही दोघं आफ्रिकेत आलो तर कधी आलेलं बरं पडेल?" मागून भावोजी ओरडले, "त्याच्या सिंहांना विचार आधी, पाहुणे चालतात का ते!" मी त्याच दिवशी आमच्या कॅम्पच्या जीपवाल्याला गाठलं आणि बारा महिन्यांचं कोष्टकच तयार केलं. जून ते ऑक्टोबर कोरडे दिवस, गवत बसकं, पाणवठ्यावर जनावरांची ही गर्दी. पण तेव्हा समुद्रावर वारा पिसाळलेला, आणि तुला तर भावोजींना पाण्यात पाय सोडून बसवायचं होतं. समुद्र निवांत हवा तर जानेवारी-फेब्रुवारी, पण मग जनावरं पांगलेली. मार्च ते मे नुसता पाऊस, जीप चाकापर्यंत रुतते. त्या तीन महिन्यांवर मी लाल पेनाने फुलीच मारली. तुम्ही ते कोष्टक चष्म्याच्या दुकानात लावलंत, आणि भावोजी म्हणे नंबर तपासताना गिऱ्हाइकांना तेच वाचायला लावायचे. "फेब्रुवारी दिसतोय का? मग तुमचे डोळे ठीक आहेत, घरी जा." असं गिऱ्हाईक परत पाठवणारा चष्मेवाला मी दुसरा पाहिला नाही.

ताई, तू विचारत होतीस मला कधी बरं पडेल. आणि मी सांगत बसलो सिंहाला कधी बरं पडेल. पहिल्या वेळी खरंच कळलं नाही, तुझी शपथ. दुसऱ्या वर्षी कळलं होतं. तू म्हणालीस, "अरे, जनावरं राहू देत, तुला सवड कधी असते ते सांग." तेव्हा मी काय बोललो? यंदा पाऊस लांबलाय म्हणालो. तिसऱ्या वर्षी गवत उंच झालं. चौथ्या वर्षीचं तर मला आठवतही नाही, इतकं ते खोटं होतं.

मी गाईड नाही. तुम्हाला पाठवलेला तो जीपमधला फोटो, स्टिअरिंगवर हात ठेवून, गळ्यात दुर्बीण, तो जीपवाल्याने काढलेला, आणि दुर्बीणही त्याचीच. मी इथे चादरी धुतो. चोवीस तंबू, अठ्ठेचाळीस चादरी, टॉवेल वेगळे. पाहुणे दिवसभर जीपमध्ये उभे राहतात आणि ती लाल धूळ अंगावर घेऊन तसेच गादीवर पडतात. ती धूळ एका पाण्यात निघत नाही. आधी झटकायची, मग गार पाण्यात, साबण नंतर. आधीच साबण लावला की डाग बसलाच. हे मला कोणी शिकवलं नाही, दोन डझन चादरी गुलाबी करून शिकलो. दोरीवर वाळत घातलं की वानरं येतात. एका म्हाताऱ्या वानराला उशीच्या अभ्र्याचा फार सोस आहे, तो डोक्यात घालून बसतो आणि आमच्या मॅनेजरसारखा दिसतो. बघ, कुठे होतो आणि कुठे गेलो. तू म्हणायचीस ना, ह्याला मीठ आणायला पाठवलं तर हा समुद्र बघून येईल.

काम वाईट नाही गं. चार वर्षं एका जागी टिकलो, हे तर माझ्या कुंडलीतही नसेल. पण घर सोडताना मी तुझ्याशी काय भांडलो होतो ते आठवतं ना? "मी तुमच्यासारखा आयुष्यभर काचा घासत बसणार नाही." एवढं बोलून निघालो आणि इथे येऊन कपडे घासत बसलो. ते तुम्ही दोघांनी बघावं, पाहुण्यांच्या खुर्चीत बसून, ही मला भीती होती. भावोजी हसले असते. हसले असते आणि दोन मिनिटांनी बाह्या सरसावून माझ्याबरोबर पिळायला बसले असते, हेही मला माहीत होतं. तरी मी पावसाचंच बोलत राहिलो.

मग मागच्या ऑगस्टमध्ये त्यांची उजवी बाजू गेली. तुझा फोन आला तेव्हा मी दोरीपाशी होतो. म्हणालो, ऐन सीझन आहे, सुट्टी मिळत नाही. ताई, मी सुट्टी मागितलीच नव्हती. आता ते फोनवर बोलतात तेव्हा अर्धे शब्द तू सांगतेस. परवा तू सांगितलंस, ते विचारतायत, सिंहाची आंघोळ झाली का. मला हसता आलं नाही. त्यांना चालता येत होतं ती चार वर्षं मी गवताची उंची मोजण्यात घालवली.

सोमवारी ऑफिसातल्या बाईंनी येणाऱ्या पाहुण्यांची यादी दिली. खाटा किती लावायच्या म्हणून ती माझ्याकडे येते. सात नंबरचा तंबू, तुझं आडनाव, एकच माणूस. फुली मारलेल्या एप्रिलमध्ये. मी बाईंना म्हणालो, काही चूक असेल, ह्या दिवसांत कोण येतं? त्यांनी तुझी चिठ्ठीच वाचून दाखवली. "जनावरं नाही दिसली तरी हरकत नाही. तुमच्या कपडे धुणाऱ्याला काम कमी असेल ते दिवस द्या." तुला कधीपासून माहीत होतं? फोटोत माझी सोललेली बोटं दिसली असतील. दिवसभर भिंगातून बघणाऱ्या बाईपासून मी काय लपवणार होतो. खरं सांगतो, यादी बघून मी आधी पळून जायला पिशवी भरली होती. मग बाईंकडे गेलो आणि तुझ्याबरोबर समुद्रावर जायला चार दिवस मागितले. त्या लगेच हो म्हणाल्या. एवढंच होतं ते. तू गुरुवारी दुपारी पोचशील. हे पत्र तुझ्या उशीवर ठेवतोय, म्हणजे चार लोकांसमोर तुला काही माहीत नसल्यासारखं करावं लागणार नाही. मी तंबूंच्या मागे, इस्त्रीच्या खोलीत असेन. मी आपणहून पुढे येईन असं लिहीत नाही, कारण माझा मलाच भरवसा नाही. तू ये. दार वाजवू नकोस, सरळ आत ये.

तुझाच,
भिंगरी