सलगमाच्या बरणीतलं पाणी

४ रमजान
आज पुन्हा पडले. सुपाचं पातेलं उतरवायला उठले, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधार — थेट फरशीवर! आईने डॉ. अदीबकडे नेलं. त्या शहाण्याने मला आडवं करून नाडी पाहिली. अरे, मी उभी राहिले की पडते! उभं करून बघ की!
म्हटलं, दर महिन्याला पाळी तोंडावर आली की असं होतं. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग आईकडे. "रोजा आहे, अशक्तपणा येणारच. लग्न झालं की सगळं ताळ्यावर येतं." आईने मान डोलावली. दोघंही धन्य!

७ रमजान
पाळी आली. पाळीत रोजा धरत नाहीत, पण बाबांना आणि भावांना कळता कामा नये — म्हणून कोठीघरात दाराआड चोरून पाणी, चोरून भाकरी. आमच्या इर्बिद शहरातली प्रत्येक बाई हेच करते आणि प्रत्येक पुरुष माहीत नसल्याचं सोंग करतो.
आणि संध्याकाळी पुन्हा पडले, आईच्या बहिणीसमोर, रबीहा खालासमोर! "माशाल्ला, रोज्याने पोरगी किती वाळली!" पोटात दोन भाकरी होत्या. आईला ते ठाऊक होतं. ती गप्प बसली. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

८ रमजान
आईला म्हटलं, अम्मानला ने. तिथे टेबलाला बांधून उभं करतात, नाडी बघतात.
"उभ्या उभ्या कोसळणारी सून कोण करून घेईल, शुरूक? तोंड मिट. आपल्यात कुणाला नाही असलं काही."
हे कोण बोलतंय? जी कांदासुद्धा बसून चिरते! नमाजही खुर्चीत — म्हणे गुडघे! आळसाला नाव गुडघ्याचं.

११ रमजान
धडधड कमी. दरवेळी असंच. मग सगळे म्हणणार, बघ, काही नव्हतंच.

१३ रमजान
दुपारी कोठीघराचं दार ढकललं. आई जमिनीवर बसलेली, खारवलेल्या सलगमाची बरणी तोंडाला लावून. गुलाबी पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. रोज्यात! तिची पाळी तर कधीच बंद झाली.
"दार लाव," ती म्हणाली. "खारट प्यायलं की उभं राहता येतं. तुझ्या वयात मीही अशीच पडायचे, त्याच दिवसांत. आता कमी आहे, पण गेलं नाही."
मी दार लावलं. तिने बरणी माझ्या हातात दिली.
"ईदनंतर अम्मानला जाऊ. बाबांना मी सांगते, आजारी मी आहे. तू नुसती सोबतीला."