सतरा दिवस उशिरा झालेली सही

मी, महेंद्र भिकू गमरे, वय एकसष्ट, धंदा स्वयंपाकी, राहणार पूर्णगड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही धाकाखाली लिहीत नाही. धाकात राहण्याची माझी सहा वर्षं कॅनडात पुरी झालेली आहेत. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. पूर्णगडचं जांभ्या चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर माझी पत्नी शालन हिला, तिच्यामागे मुलगी स्नेहल हिला द्यावं. बँकेत जे निघेल ते शालनचं. किती निघेल हे मला माहीत नाही, तिला आहे.

कलम २. परदेशातला सुऱ्यांचा संच मागेल त्याला द्यावा. शालन मासे विळीवरच कापते आणि माझ्यापेक्षा बरे कापते.

कलम ३. धाकटा भाऊ प्रमोद यास माझा बर्फातला जाड कोट. मी तिकडे स्वयंपाक करून वर भांडीही घासत होतो तेव्हा याने गावभर सांगितलं की दादा मॅनेजर आहे, आणि त्या मॅनेजरच्या जोरावर मुलाचं लग्न जमवलं. कोट त्याने मे महिन्यात घालून वाडीत एक फेरी मारावी. न मारल्यास कोटावर त्याचा हक्क राहणार नाही.

कलम ४. हे कलम मांडवीचे गुरुप्रसाद यांच्याविषयी आहे, म्हणून लांबेल.

रत्नागिरीत मी एका खाणावळीत स्वयंपाकी होतो. २०१२ साली हे गृहस्थ सुट्टीवर आले, तिसऱ्यांदा भात मागून घेतला आणि आत येऊन म्हणाले, “महेंद्र, कॅनडात माझं हॉटेल आहे. चल. दोन वर्षांत तुझं पीआर करून देतो, बायको-पोरीलाही आणता येईल.” पीआर म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी. ती मिळायला मालकाचं नोकरीचं पत्र लागतं. ते मिळेपर्यंत माझा परवाना त्यांच्याच हॉटेलपुरता होता.

हॉटेलच्या भिंतीवर त्यांच्या आजीचा, गोदूबाईंचा, हार घातलेला फोटो. मेनूवर छापलेलं: ‘आजीच्या हातची चव’. चव माझ्या आईच्या, सखूबाईच्या हातची होती. तिरफळ कधी टाकायचं आणि कधी काढायचं हे तिने मला शिकवलं. गोदूबाईंनी माझ्या आईला अंगणाच्या पुढे कधी येऊ दिलं नाही, आणि तिच्या आमटीवर त्यांचं नाव सातासमुद्रापार गेलं. गुरुप्रसाद यांस मी माझ्या आईचा फोटो ठेवून जातो. तो गोदूबाईंच्या शेजारी, त्याच उंचीवर लावावा.

पत्र मागितलं की उत्तर ठरलेलं, “पुढच्या महिन्यात बघू.” असे महिने पाचव्या वर्षापर्यंत गेले. मग एक दिवस वर्तमानपत्रातली बाई आजीच्या चवीवर लिहायला आली. जेवणाची वेळ, सगळी टेबलं भरलेली. मी गॅस बंद केला.

गुरुप्रसाद धावत आत आले. “काय करतोस हे? ब्लॅकमेल?”

“नाही शेठ. अर्ज करतोय. पत्र तुमच्या ड्रॉवरात आहे, सही तेवढी राहिली आहे.”

“मी तुला देश दिला!”

“अजून दिला नाहीत. म्हणून तर गॅस बंद आहे.”

सही झाली. मी गॅस लावला. वर्तमानपत्रात गोदूबाईंची फार स्तुती आली.

पण मुलीचं नाव माझ्या अर्जात धरता येण्याचं वय उलटून त्या दिवशी सतरा दिवस झाले होते. वर्षभराने पीआर आलं ते माझं आणि शालनचं. मी एप्रन काढला, घडी करून गल्ल्यावर ठेवला आणि घरी फोन लावला.

शालन म्हणाली, “तुम्हाला नि मला बोलावलंनी, पोरीला नाय? मग तो देश त्यांचा त्यांनाच राहूंदे.”

मी मात्र लगेच परतलो नाही. आणखी दोन वर्षं दुसरीकडे काम केलं, कारण गळ्यात कोणाची दोरी नसताना काम करून बघायचं होतं. मग आलो. पीआरच्या कार्डाची मुदत आता संपली आहे. ते माझ्यासोबत जाळावं.

कलम ५. अंत्यविधी त्रिसरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावा. बातमीत ‘कॅनडा रिटर्न’ छापू नये. प्रमोद छापायला जाईल, रेणुकाताईंनी अडवावं. शेजारच्या या निवृत्त शिक्षिकेस मी मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो, कारण वाडीत प्रमोद फक्त त्यांनाच घाबरतो.

कलम ६. हे स्नेहलने एकटीने वाचावं.

बाय, तू खेडला शाळेत शिकवतेस, तुझं बरं चाललं आहे. गुरुप्रसादने तुझी वाट अडवली असं मी घरात सांगत आलो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. तिसऱ्या वर्षी समोरच्या रस्त्यावरचा एक हॉटेलवाला मला म्हणाला होता, “इकडे ये. नवीन परवान्याचं मी बघतो, पत्र महिन्याभरात देतो.” तेव्हा तुझ्या वयाला भरपूर अवकाश होता. मी गेलो नाही. गुरुप्रसाद गिऱ्हाइकांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, “हा आमचा घरचा माणूस.” मांडवीच्या त्या घराचा हात गमऱ्यांच्या खांद्यावर! मला तो हात सोडवेना. सतरा दिवस त्याचे आहेत, त्याआधीची दोन वर्षं माझी. हे तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही.

वाचून तुला माझा राग येईल. तो पूर्णपणे तुझ्या एकटीच्या मालकीचा आहे. तो आवर असं तुला कोणी सांगू नये, आईनेही नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, एकही ओळ खोडलेली नाही. खालील दोघांसमक्ष सही करत आहे.

सही: महेंद्र भिकू गमरे

साक्षीदार: १. आत्माराम रावजी तांबे, पूर्णगड
२. काशीराम धोंडू पाडावे, पूर्णगड

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५