मधल्या गोलात कोण

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसू नकोस, पण मी समुपदेशक बाईंकडे जायला लागले आहे. शिवलेल्या फ्रॉकचा फोटो टाकायचा आणि मशीन सोडून कोणाला आवडला ते बघत बसायचं, असं चाललं होतं. परवा त्या नादात गिऱ्हाइकाचं कापड उलटं कापलं. मालकीणबाईंनी शेवटची ताकीद दिली.

बाई फोन बंद कर म्हणत नाहीत. तिथे शोधतेस ती शाबासकी घरात कोणाकडून मिळाली नाही, असं विचारतात. त्यांनी कागदावर एकात एक तीन गोल काढायला लावले. सगळ्यात जवळचं माणूस मधल्या गोलात. मी तिथे चांदणी लिहिलं. फोनवरची मैत्रीण. तोंड पाहिलेलं नाही, पण रोज विचारपूस करते. तू दुसऱ्या गोलात आहेस. हे ताईला स्वतः सांग, असं बाई म्हणाल्या. तू आत यायला हवी आहेस, म्हणून लिहिते.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी बारकी

ता. १२ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

शाळेतल्या वह्या तपासून लिहायला बसले. फी भरून अक्कल येत असेल तर चांगलंच आहे. पण जिने तुझ्या वेण्या घातल्या ती बहीण दुसऱ्या गोलात, आणि फोनमधली टवळी मध्ये? मग ऐकच. चांदणी म्हणजे मी. तू कुठवर भुलतेस ते बघायचं होतं. तू लिहायचीस ते आम्ही मधल्या सुट्टीत वाचायचो. तुझ्या 'मला कोणी नाही'वर गणिताच्या बाईंना हसून ठसका लागला. आता तिला खोड आणि मला लिही. जागा झालीच आहे.

मनाला लावून घेऊ नकोस. लोभ आहे म्हणून तर खरं सांगितलं.

तुझी ताई

ता. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चांदणी कोण ते मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात मी रडत लिहिलेल्या ओळीतली वेलांटी तिने सुधारली. असं करणारं माणूस मला एकच ठाऊक आहे. तरी बोलत राहिले, कारण चांदणी होऊन तू मला जेवलीस का विचारायचीस. ताई म्हणून कधी विचारलं नाहीस. वाटलं, समोरून जमत नसेल तुला, आडून का होईना, माया करतेस. मधल्या गोलात तूच होतीस गं. मधल्या सुट्टीचं मात्र मला माहीत नव्हतं. फार लागलं.

बाईंनी विचारलं, हे भांडण आहे की माणूस गेल्याचं दुःख? भांडण असेल तर बोलून मिटवता येईल म्हणाल्या. मी सांगितलं, माणूस गेलं.

लोभ चांदणीने केला तेवढा पुरला.

बारकी